घरच्या पाल्याचा हिरवा रस : चवीला बरा आणि प्रकृतीला सोसणारा

(देवपूर, धुळे येथे शेतकरी बंधू-भगिनींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा व्याख्याता आहे. वाफा, खत, पाणी, कापणी हा माझा रोजचा विषय. मग हा माणूस आज मिक्सर आणि पेले घेऊन का उभा राहिला, असे आपणास वाटले असेल. त्याला कारण आहे, आणि ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत परसबागेविषयी बोलताना मी शेवटी उत्साहाने सांगून गेलो की, "रोज सकाळी उपाशीपोटी कच्च्या पालकाचा पेलाभर रस घ्या, रक्त वाढते." टाळ्या पडल्या. पुढे काही महिन्यांनी त्या बैठकीतले एक वडीलधारे शेतकरी मला भेटले. त्यांनी माझे म्हणणे मनावर घेतले होते. रोज दोन जुड्या पालक वाटून, गाळून पीत होते. त्यांना पूर्वी मुतखड्याचा त्रास झालेला होता. तो पुन्हा उसळला आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. ते मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही विचारलं असतं की कोणाला खडा आहे का, तर मी हात वर केला असता."

मी विचारले नव्हते, ही माझी चूक. ती दुरुस्त करावी म्हणून आजचा हा विषय घेतला आहे. म्हणून सुरुवातीलाच विचारतो. आपल्यापैकी कोणाला किंवा आपल्या घरात कोणाला मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह आहे काय? रक्त पातळ ठेवण्याची गोळी कोणाला चालू आहे काय? असल्यास त्यांनी भाषणाचा उत्तरार्ध विशेष लक्ष देऊन ऐकावा.

हे पेय आहे तरी काय?

हिरवा पाला आणि पिकलेले फळ पाण्यात किंवा ताकात एकत्र वाटून केलेले दाट पेय म्हणजे हा हिरवा रस. शहरात याला 'ग्रीन स्मूदी' म्हणतात. व्हिक्टोरिया बुटेंको या मूळच्या रशियन बाई अमेरिकेत स्थायिक झाल्या. त्यांनी या विषयावर २००५ साली एक पुस्तक लिहिले आणि त्यानंतर तिकडे हे पेय घरोघर पोहोचले. नाव नवे असले तरी आपल्याला ते अगदी परके नाही. कोथिंबीर-पुदिना वाटून घातलेला मठ्ठा आपण पिढ्यान्‌पिढ्या पीत आलो आहोत. त्यात पाला थोडा वाढवला आणि फळ घातले की झाले.

रस आणि हे पेय यांत एक फरक ध्यानात ठेवावा. रस गाळला की चोथा जातो आणि चोथ्याबरोबर तंतू जातात. हे पेय गाळायचे नसते. चोथ्यासकट प्यायले म्हणजे पोट भरल्यासारखे वाटते, फळातील साखर रक्तात सावकाश उतरते आणि कोठा साफ राहतो. शिवाय गाळून रस काढायचा तर एका पेल्याला दोन-तीन जुड्या लागतात, तेथे या पेयाला दोन मुठी पाला पुरतो. मुतखड्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे, तो पुढे येईलच.

आपल्याला त्याची गरज का आहे?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के होता. याचा अर्थ असा की, येथे बसलेल्या भगिनींपैकी निम्म्यांपेक्षा जास्त जणी सकाळी उठताना थकलेल्या असतात आणि ते कामामुळे आहे असे समजतात. आपण कापसाला लोह कमी पडले की पान पिवळे पडलेले लगेच ओळखतो. घरातल्या माणसाचे मात्र ओळखत नाही.

पण येथे हिशेब सरळ मांडला पाहिजे. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावे अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते. मेथीत साडेपाचच्या वर, शेवग्याच्या पाल्यात साडेचारच्या आसपास. म्हणजे ५० ग्रॅम पालकाच्या पेल्यातून दीड मिलिग्रॅम लोह मिळणार, आणि त्यातलेही सगळे शरीरात उतरत नाही. तेव्हा या पेयाने रक्तक्षय बरा होतो असे मी म्हणणार नाही. ज्या भगिनीचे हिमोग्लोबिन कमी आहे तिने प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या घ्याव्यात. त्या तेथे विनामूल्य मिळतात. हिरवे पेय हे त्या गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही.

मग उपयोग काय? ज्या घरात पालेभाजी आठवड्यातून एकदा होते, मुले ताटातली भाजी बाजूला सारतात आणि म्हातारी माणसे दात नाहीत म्हणून टाळतात, त्या घरात रोज थोडा पाला प्रत्येकाच्या पोटात जातो. त्यातून अ जीवनसत्त्व तयार करणारे कॅरोटीन, फॉलिक आम्ल आणि तंतू मिळतात. एवढे पुरेसे आहे. मात्र ते रोज प्यायले गेले पाहिजे, आणि रोज प्यायले जायचे तर ते चवीला बरे हवे.

चव का बिघडते?

माझ्या घरचा पहिला प्रयोग पूर्ण फसला. कच्चा पालक आणि मेथी पाण्यात वाटली, लिंबू पिळले आणि पेला आईच्या हाती दिला. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिले आणि उरलेला पेला गोठ्यातल्या घमेल्यात ओतला. "हे तिचं खाणं, तिलाच दे," एवढेच म्हणाली. आईचे बरोबर होते. चव बिघडण्याची चार कारणे आहेत, आणि चारही समजून घेतली तर उपाय सोपे आहेत.

१) गवताचा वास : पान फाटले किंवा चिरडले की त्यातील वितंचके पानातील स्निग्ध पदार्थांवर काम करतात आणि ताज्या कापलेल्या गवतासारखा वास सुटतो. पाने उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवून काढली की ही वितंचके निकामी होतात आणि वास बराच कमी होतो.

२) कडूपणा : मेथीचा कडूपणा तिच्या अंगचा आहे. जून, बोंडावर आलेल्या पालेभाजीतही कडसरपणा वाढतो. म्हणून पाने कोवळी घ्यावीत. चिमूटभर मीठ कडूपणा दाबते. गोडीपेक्षा मीठ या बाबतीत अधिक कामाचे आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

३) दातांवर बसणारा राप : पालक खाल्ल्यावर दात खरखरीत लागतात ते त्यातील ऑक्झलिक आम्लामुळे. पाने उकळून ते पाणी टाकून दिले तर हा राप कमी होतो.

४) चोथा आणि कोमटपणा : पाला नीट वाटला गेला नाही तर घशात धागे अडकतात. मिक्सर बराच वेळ चालला तर पेय कोमट होते आणि कोमट हिरवे पेय कोणालाच आवडत नाही. थंड पेयात उग्र चव कमी जाणवते.

करण्याची रीत

रीत सगळ्या प्रकारांना एकच आहे. क्रम मात्र पाळावा.

पहिली पायरी : पाने निवडून देठ काढावेत. तीन पाण्यांतून धुवावीत. शेवटच्या पाण्यात भांड्याच्या तळाशी माती दिसू नये.

दुसरी पायरी : एक लिटर पाणी उकळावे. उकळी आली की पाने टाकावीत, मिनिटभराने काढून लगेच माठातल्या गार पाण्यात टाकावीत. असे केल्याने रंग हिरवागार राहतो. उकळलेले पाणी टाकून द्यावे. ते पेयात वापरू नये.

तिसरी पायरी : आधी केवळ पाला आणि थोडे पाणी मिक्सरमध्ये एकजीव वाटावे. सर्व पदार्थ एकदम टाकले की फळ बारीक होते आणि पाला तसाच राहतो. येथेच बहुतेकांचे चुकते. वीज नसेल तर पाट्यावर वाटून फळ हाताने कुस्करावे आणि रवीने घुसळावे. थोडे जाडसर होते, चव तीच राहते.

चौथी पायरी : मग फळ, आले, जिरेपूड, मीठ घालून पुन्हा अर्धा मिनिट फिरवावे.

पाचवी पायरी : लिंबू अगदी शेवटी, पेल्यात ओतताना पिळावे. आंबटाने पाल्याचा हिरवा रंग हळूहळू शेवाळी होतो. आधी पिळून ठेवले तर पेय मातकट दिसते आणि मुले तोंड लावत नाहीत. क जीवनसत्त्वही शेवटी घातल्याने टिकते. पाने उकळताना जे क जीवनसत्त्व गेले त्याची भरपाई या लिंबाने होते.

केलेले पेय अर्ध्या तासात प्यावे. फ्रीज असला तरी सकाळचे संध्याकाळी पिऊ नये.

प्रमाण कसे ठेवावे?

पहिल्या दिवशी भरपूर पाला घालून घरच्यांना घाबरवू नये. पहिला आठवडा वजनाने एक भाग पाला आणि तीन भाग फळ घ्यावे. दुसऱ्या आठवड्यापासून एकास दोन. तेवढे पुरे. ज्याला आवडेल त्याने पुढे निम्मे-निम्मे करावे. मध्यम हाताची एक मूठ पालक म्हणजे अदमासे २५ ग्रॅम धरावा.

प्रकार पहिला : केळी-पालक

दोन छोट्या पेल्यांसाठी पालक दोन मुठी, मोठे पिकलेले केळे एक, पाणी एक पेला, बोटाच्या पेराएवढे आले, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस. तीन-चार भाजलेले शेंगदाणे पाल्याबरोबरच वाटावेत. पाल्यातील कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यास थोडी स्निग्धता लागते, ती शेंगदाण्यातून मिळते आणि पेयाला दाटपणाही येतो.

केळ्याचे आपल्याला काय सांगावे? रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा सगळा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन, कोणतेही चालेल, पण साल पिवळी होऊन तिच्यावर तपकिरी ठिपके पडलेले असावे. हिरवट केळ्यात पिठूळपणा असतो. ठिपके पडेपर्यंत त्या पिठाची साखर झालेली असते, म्हणून वेगळी साखर लागत नाही. व्यापारी जो माल दाग पडला म्हणून बाजूला काढतो, तोच या कामाला उत्तम. नवतीची असो की पिलबागेची, बागेत अशी फणी-दोन फण्या रोज निघतात. साल काढून तुकडे करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर पेयाला वेगळा बर्फ लागत नाही.

केळ्याबाबत एक नवी गोष्ट समजली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. केळे चिरल्यावर जे वितंचक त्याला काळे पाडते, तेच फ्लॅव्हॅनॉल नावाच्या उपयुक्त द्रव्यांचा नाश करते. केळ्याबरोबर वाटलेल्या पेयातून ही द्रव्ये शरीरात सुमारे ८४ टक्क्यांनी कमी उतरली. ही द्रव्ये द्राक्षे, सफरचंद, कोको यांत असतात. पालकाचे महत्त्व त्यांच्यावर अवलंबून नाही, तेव्हा केळी-पालक जोडी खुशाल करावी. द्राक्षे किंवा सफरचंद घालायचे असेल तर मात्र त्या दिवशी केळे वगळावे.

प्रकार दुसरा : पेरू-कोथिंबीर-पुदिना

पिकलेला पेरू एक, कोथिंबीर एक मूठ, पुदिन्याची दहा-बारा पाने, पाणी दीड पेला, काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू. कोथिंबीर आणि पुदिना उकळू नयेत, त्यांचा सुवास जातो. मात्र ते कच्चेच पोटात जाणार असल्यामुळे स्वच्छ पाण्यावर वाढवलेले, घरचेच घ्यावेत. पेरूच्या बिया दाताखाली येतात, म्हणून पेरू वेगळा वाटून मोठ्या भोकांच्या गाळणीतून काढावा. पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असते आणि त्यामुळे पाल्यातील तसेच भाकरीतील लोह चांगले शोषले जाते. हिवाळ्यात पेरूऐवजी अर्धा आवळा घालावा. हे पेय जेवणाबरोबर घ्यावे. त्यापुढे तासभर चहा घेऊ नये, कारण चहा लोहाला अडवतो.

प्रकार तिसरा : शेवग्याच्या पाल्याचा मठ्ठा

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पालक वाफ्यात टिकत नाही, लगेच तुऱ्यावर येतो. पण बांधावरचा शेवगा हिरवा असतो. कोवळा पाला एक मूठ, उकळत्या पाण्यात दोन मिनिटे काढून पाण्याशिवाय वाटावा. त्यात दोन पेले ताक, जिरेपूड, किंचित हिरवी मिरची आणि मीठ. हे पेय गोड नाही, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनाही चालते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम दिले आहे. पालकात ते ऐंशीच्या आसपास आहे.

आता काळजीच्या गोष्टी

मुतखडा : पालक, तांदुळजा, राजगिरा, घोळ, आंबट चुका यांत ऑक्झलेट भरपूर असते. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. आपला उन्हाळा कडक, शेतात घाम खूप जातो, पाणी कमी प्यायले जाते, लघवी दाट होते. त्यात कच्च्या पालकाच्या दोन जुड्यांचा गाळलेला रस रोज घेतला तर काय होणार, हे मी सुरुवातीला सांगितलेच. अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली एका ६५ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. शरीरशुद्धी म्हणून तिने काही दिवस हिरव्या पाल्याची ऑक्झलेटयुक्त पेये घेतली आणि तिची मूत्रपिंडे निकामी झाली. तिच्या पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती आणि नुकतीच प्रतिजैविके घेतलेली होती, त्यामुळे तिला धोका अधिक होता. धडधाकट माणसाला दोन मुठी पाल्याने असे होत नाही. पण आपल्या आतड्याचे आणि मूत्रपिंडाचे काय चालले आहे हे आपल्याला नेहमी ठाऊक असतेच असे नाही.

म्हणून नियम असा. ज्याला खडा झाला आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने पालकाचे पेय घेऊ नये. खडा होऊन गेलेल्याला कोथिंबीर-पुदिन्याचे पेय चालू शकते, कारण त्यांत ऑक्झलेट पालकाच्या मानाने फार कमी असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र कोणतेही पेय डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाकीच्यांनी पालक उकळूनच वापरावा आणि पाणी टाकून द्यावे. विरघळणारे ऑक्झलेट पाण्यात उतरते. तीन-चार मिनिटे उकळल्यास अधिक उतरते. दह्याबरोबर किंवा ताकाबरोबर पालक घेतल्यास ताकातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून टाकते. मात्र तेच कॅल्शियम लोहाचे शोषणही थोडे कमी करते. म्हणून रक्त कमी असलेल्याने लिंबाचे पेय घ्यावे, आणि ज्याला ऑक्झलेटची काळजी आहे त्याने ताकाचे घ्यावे. रोज पालकच न घेता पाला बदलत राहावा.

रक्त पातळ करणारी गोळी : पाल्यात क जीवनसत्त्वासारखेच आणखी एक 'के' नावाचे जीवनसत्त्व मुबलक असते. ते रक्त गोठण्यास मदत करते. वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर पाल्याचे प्रमाण एकाएकी वाढवल्याने गोळीचा परिणाम कमी होतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पेय सुरू करू नये.

मधुमेह : केळे, चिकू, आंबा घातलेले पेय टाळावे. ताकाचा प्रकार घ्यावा.

लहान मूल : एक वर्षाच्या आतील बाळाला पालकाचे पेय देऊ नये. पाल्यात नायट्रेट असते, आणि वाटून ठेवलेल्या पाल्यात जिवाणूंमुळे त्याचे नायट्राइट होते. ते बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते.

कडू दुधी : दुधी भोपळ्याचा रस पुष्कळजण घेतात. दुधी कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नये, लगेच थुंकावा. त्यातील विषारी कडू द्रव्यामुळे रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावलेली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. वाटण्यापूर्वी दुधीचा आणि काकडीचा लहान तुकडा चाखून पाहावा. गोड फळात मिसळून कडूपणा लपवू नये. औषध कडू असते म्हणून हे कडूही औषधी असेल, हा समज घातक आहे.

पाला कोठला घ्यावा?

हा भाग माझ्या अभ्यासाचा आणि आपल्या हाताचा आहे.

कपाशीच्या शेतात निंदणी करताना घोळ, तांदुळजा, पोकळा चांगला माजलेला दिसतो आणि बाया तो ओट्यात भरून आणतात. भगिनींनो, ज्या शेतात फवारणी झाली आहे तेथील पाला आणू नका. आंतरप्रवाही कीटकनाशक पानाच्या आत असते, ते धुऊन जात नाही. शेजाऱ्याच्या कपाशीवर फवारणी होताना वारा आपल्या परसबागेकडे असेल तर त्या वाफ्यातील पाने खुडून टाकावीत आणि नवा फुटवा येईपर्यंत थांबावे. शहराजवळ नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी तर या कामाला मुळीच घेऊ नये.

म्हणून घरापुरते तीन वाफे करावेत. प्रत्येक वाफा ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद. वाफ्याला दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पालकाचे ऑल ग्रीन किंवा पुसा ज्योती वाणाचे बी १० ते १२ ग्रॅम एका वाफ्याला पुरते. बी रात्रभर भिजवून, २० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत, २ ते ३ सेंटिमीटर खोल पेरावे. बियाण्याच्या दुकानातले औषध लावलेले बी उरले तर ते जनावरांपासून दूर ठेवावे. तिन्ही वाफे एकाच दिवशी न पेरता बारा-बारा दिवसांच्या अंतराने पेरावेत. पेरणी सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत करता येते. महिना ते पाच आठवड्यांत पहिली कापणी मिळते, पुढे दर १५ ते २० दिवसांनी एक, अशा तीन-चार कापण्या होतात.

हिशेब असा. एका वाफ्यातून सर्व कापण्या मिळून अदमासे ३ किलो पाला निघतो. तीन वाफ्यांचा ९ किलो. चार माणसांच्या घराला रोज १०० ग्रॅम लागला तर तो ९० दिवस पुरतो. म्हणजे हिवाळाभर बाजारातून जुडी आणावी लागणार नाही.

दोन गोष्टी विशेष सांगतो. एक, पाने गर्द हिरवी दिसावीत म्हणून युरियाचा मारा करू नये. जास्तीचे नत्र पानात नायट्रेट म्हणून साठते. युरिया द्यायचाच तर कापणीनंतर लगेच, चौरस मीटरला ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. दोन, शक्य तर कापणी दुपार उलटल्यावर, चार-पाच वाजता करावी. दिवसभराच्या उन्हात पान नायट्रेटचा वापर करून घेते, त्यामुळे संध्याकाळच्या पानात ते पहाटेपेक्षा कमी असते. पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की सकाळच्या पेयाला ताजी राहतात. मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा, आणि त्यानंतर काही दिवस त्या वाफ्याला हात लावू नये.

शेवटी एवढेच

आज घरी गेल्यावर आधी घरातल्या प्रत्येकाला विचारावे : खडा आहे का, साखर आहे का, कोणती गोळी चालू आहे का? मग ज्याला जे सोसेल ते ठरवावे. दोन मुठी पाला, उकळून पाणी टाकलेला. आधी पाला, नंतर फळ, शेवटी लिंबू. चिमूटभर मीठ विसरू नये. आणि केल्याबरोबर प्यावे.

आमच्या घरी आता आठवड्यातून चार दिवस हे पेय होते. आई केळी-पालकाचा अर्धा पेला घेते. गोळ्याही घेते. तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा वाढला आहे, आणि तो मुख्यतः गोळ्यांनी वाढला आहे हे तिला आणि मला दोघांनाही माहीत आहे. पण ताटात पालेभाजी नसलेला दिवस आता आमच्याकडे क्वचित उगवतो.

ते वडीलधारे शेतकरी आज येथे पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांच्यासाठी मी पेरू-कोथिंबिरीचे पेय वेगळे केले आहे आणि त्यात पालकाचे पानही नाही. आपण सर्वांनी पुढे येऊन चव पाहावी आणि कसे लागले ते स्पष्ट सांगावे.